झाडं नाहीत, बर्फ खोल: तिथे झोळी कशी टांगायची?

बडोद्यातल्या जुन्या घरांत, मग ते दांडिया बाजारातलं मराठी घर असो की शेजारचं गुजराती, माळ्यावर बहुधा एक घोडियुं सापडतं. दोन टोकांना फाकवलेले पाय, त्यांना वरून जोडणारा आडवा दांडा आणि खाली बाळासाठी कापडाची झोळी. संखेड्याचं असेल तर बाळ कॉलेजात जाऊ लागलं तरी लाखेचा रंग शाबूत असतो. हॅमॉक म्हणजे हीच झोळी, मोठ्या माणसाच्या मापाची. ती टांगायला दोन झाडं लागतातच, असं बहुतेकांना वाटतं. घोडियुं पाहिलेल्या माणसाने तरी असं म्हणू नये.

हिवाळ्यात सोलंगला नाहीतर औलीला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींच्या सॅकमध्ये हल्ली हॅमॉक असतो. देवदारांच्या बुंध्यांना पट्टे बांधले की पाच मिनिटांत काम होतं. प्रश्न त्याच्या वरचा आहे. झाडं संपली आणि छातीएवढा बर्फ साचलाय, अशा जागी हॅमॉकमध्ये रात्र काढता येईल का? येते. पण ती कशी येते हे नीट समजून घेतलं, तर बहुतेक वेळा आपण तो नाद सोडून देऊ. माझं स्वतःचं मत त्याच बाजूला झुकतं. तरीही हे समजून घेण्यात मजा आहे, कारण त्यात बर्फाचा सगळा स्वभाव कळतो.

आडवा दांडा नसेल तर

घोडियाचा वरचा दांडा काढून घेतला तर काय होईल? बाळाच्या वजनाने दोन्ही बाजूंचे पाय आत ओढले जातील आणि सगळं कोसळेल. पाय वजन वर उचलून धरतात. दोन टोकं एकमेकांकडे येऊ न देणं हे काम मात्र दांड्याचं आहे, आणि तेच जास्त अवघड काम आहे. झाडाला हॅमॉक बांधतो तेव्हा ही आडवी ओढ झाडाची मुळं सोसतात, म्हणून ती आपल्या लक्षातही येत नाही. डोंगरावर साडेतीन मीटरचा दांडा पाठीवर नेता येत नाही. तेव्हा त्या दांड्याचं काम दुसऱ्या कशाकडून तरी करून घ्यायचं, एवढाच हा सगळा प्रश्न.

ही ओढ किती असते? हॅमॉकचे पट्टे जमिनीच्या पातळीशी ३० अंशांचा कोन करत असतील, तर ८० किलोच्या माणसामुळे प्रत्येक पट्ट्यावर ८० किलोचाच ताण येतो. दोन पट्टे आहेत म्हणजे चाळीस-चाळीस, असा हिशेब इथे चालत नाही. त्या ८० किलोंपैकी उभा भाग ४० किलोचा आणि आडवा भाग सुमारे ६९ किलोचा. पट्टे अजून ताणून कोन १५ अंशांवर आणला तर ताण प्रत्येकी १५५ किलो होतो. १० अंशांवर २३० किलो. नवख्या माणसाला सपाट झोपायचं असतं, म्हणून तो पट्टे कचकचून ताणतो आणि इथेच फसतो. झोळी सैल सोडायची आणि तिच्यात तिरकं झोपायचं, पाठ आपोआप सपाट होते.

आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर अगाशीत करून पाहा. सामान तोलायचा हातातला काटा घ्या, तो दोरीच्या एका टोकाला लावा, दोरी दोन कठड्यांमध्ये बांधा आणि मधोमध १० लिटर पाण्याची बादली टांगा. दोरी भरपूर झोळ पडलेली असताना काटा १० किलोच्या आसपास दाखवेल. दोरी ताणत जा. कोन १० अंशांवर आला की तोच काटा २९ किलो दाखवतो. बादली तीच, पाणी तेवढंच. (कठडा जुना असेल तर हा प्रयोग खाली अंगणात करा. पतंगांच्या दिवसांत तर अगाशीत दोरी बांधूच नका, शेजारी माफ करणार नाहीत.)

पुरलेली गोणी

बर्फात खुंटी ठोकून तंबू उभा राहत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, कारण ताज्या बर्फातली खुंटी हाताने उपटता येते. ताज्या कोरड्या बर्फाची घनता घनमीटरला ५० ते १०० किलो, म्हणजे त्यात दहातले नऊ भाग हवाच असते. वाऱ्याने दाबून बसवलेल्या बर्फाची घनता ३५० ते ४०० पर्यंत जाते. नुसत्या घनतेपेक्षाही कामाची गोष्ट म्हणजे बर्फाचे कण एकमेकांना चिकटून बसतात.

हे चिकटणं समजून घेण्यासारखं आहे. उणे १० अंश आपल्याला भयंकर थंड वाटतात, पण बर्फाच्या दृष्टीने ते वितळण्याच्या अगदी जवळचं तापमान आहे. निरपेक्ष मापात सांगायचं तर २७३ पैकी २६३. इतक्या जवळ असल्यामुळे कणांच्या पृष्ठभागावरचे रेणू स्वस्थ बसत नाहीत. टोकदार भागावरून ते वाफ होऊन निघतात आणि दोन कण जिथे टेकलेत त्या खाचेत जाऊन बसतात. खाच भरत जाते, तिथे मान तयार होते आणि वेगवेगळे कण एकसंध होतात. फावड्याने उकरलेला, पायाखाली तुडवलेला बर्फ आधी चुरा होतो. चुऱ्यात कणांचे एकमेकांशी स्पर्श वाढतात, त्यामुळे अर्ध्या-एक तासात तो मूळच्यापेक्षा कितीतरी घट्ट होतो. हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला हाताने उकरून काढता येत नाही, फावडंच लागतं, ते याचमुळे. उणे २० च्या खाली मात्र हे काम बरंच मंदावतं, म्हणून फार थंडीत जास्त वेळ थांबावं लागतं.

आपण याच गुणाचा उपयोग करून घ्यायचा. खुंटी उभी ठोकण्याऐवजी एखादी रुंद वस्तू आडवी पुरायची: स्कीची फळी, फावड्याचं पातं किंवा सगळ्यात स्वस्त म्हणजे धान्याची प्लास्टिकची विणलेली गोणी, बर्फाने भरलेली. रिकामी गोणी खिशात मावते. ओढीच्या दिशेला काटकोनात एक चर खणायचा, साधारण गुडघ्याच्या वरपर्यंत खोल. गोणीच्या मध्यावर पट्टा गुंडाळून ती चराच्या तळाशी ठेवायची. मग हॅमॉकच्या बाजूच्या भिंतीत पट्ट्यापुरती अरुंद, उतरती खाच कापायची, म्हणजे पट्टा सरळ रेषेत बाहेर येईल. खाच उथळ राहिली तर पट्टा गोणीला पुढे ओढण्याऐवजी वर उचलतो आणि सगळी मेहनत वाया जाते. हॅमॉकच्या बाजूच्या त्या भिंतीवर पाय ठेवायचा नाही, कारण सगळा भार तीच घेणार आहे. चर भरा, तुडवा, आणि तास-दीड तास हात लावू नका. तोवर बाकीची कामं आहेतच.

हे धरेल का? एक साधा ताळा. ८० किलोचा माणूस बूट घालून एका पायावर उभा राहिला तर २५० चौरस सेंटिमीटरवर ८० किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३२ किलो दाब. चाळीस बाय पंचवीस सेंटिमीटरच्या गोणीवर १०० किलोची ओढ आली तरी दाब ०.१ किलोच होतो. म्हणजे तुडवून तासभर ठेवलेल्या बर्फावर एका पायावर उभं राहिल्यावर बूट रुतला नाही, तर गोणीपुढचा बर्फ दबून जाण्याची भीती फारशी नाही. बर्फाचा अख्खा ठोकळाच निसटणं हा वेगळा धोका आहे, आणि तो टाळायला खोली लागते. उथळ पुरलेली गोणी कितीही तुडवली तरी मला भरवशाची वाटत नाही.

एक बर्फ मात्र कशालाच दाद देत नाही. जमिनीजवळची ऊब आणि वरची कडक थंडी यांत तफावत फार असली, म्हणजे मीटरभर जाडीत १० अंशांहून जास्त, तर खालच्या थरातले कण वाफेने वाढून मोठे, कोनदार आणि सुटे होतात. मूठ दाबली तरी त्याचा गोळा होत नाही. लडाख-लाहौलच्या कोरड्या, कडाक्याच्या थंडीत पातळ बर्फाखाली हा थर सर्रास सापडतो. तो लागला तर गोणी पुरायचा विचार सोडा, आणि त्याच्या वरच्या उताराकडेही संशयाने पाहा, कारण पुष्कळ हिमस्खलनं याच थरावरून सुटतात.

उंची आणायची कुठून

आडवी ओढ गोणीने घेतली. आता उभ्या ४० किलोंचं काय? इथे दोन वाटा आहेत.

पहिली वाट घोडियाच्या पायांची. दोन्ही टोकांना दोन-दोन काठ्यांची कैची उभी करायची, पट्टा तिच्या डोक्यावरून पलीकडे नेऊन गोणीला बांधायचा. लोकांना वाटतं कैचीवर ४० किलोच येतील. तसं नाही. पलीकडचा पट्टा ४५ अंशांत खाली उतरत असेल तर त्यात ९८ किलोचा ताण येतो आणि तोही कैचीला खाली दाबतो, त्यामुळे प्रत्येक कैचीवर १०९ किलो येतात. दोन कैच्यांवर मिळून २१८, आणि झोळीत माणूस ८० किलोचा! गोणी लांब पुरून पलीकडचा कोनही ३० अंशांवर आणला तर कैचीवरचे १०९ चे ८० होतात आणि गोणीवरचा ताणही ८० वर येतो. पट्टा लांब लागतो एवढंच. म्हणून गोणी लांब पुरणं हा इथला सगळ्यात स्वस्त उपाय.

काठीच्या टोकाखाली वीस बाय वीस सेंटिमीटरची तरी फळी हवी, नाहीतर ती रात्रभर खाली खाली जात राहते. ट्रेकिंगच्या सरकणाऱ्या काठ्यांवर भिस्त ठेवू नये, त्यांचे चाप एवढ्या भारासाठी केलेले नसतात. स्कीच्या जोडीची कैची चांगली होते, फक्त तिच्या पोलादी कडा पट्टा कापणार नाहीत असं काहीतरी मध्ये घालावं लागतं.

दुसरी वाट उलटी: काही उभारायचंच नाही, खड्डा खणायचा आणि त्यात लटकायचं. पट्टे खड्ड्याच्या काठावरून जमिनीलगत मागे जातात. कल्पना देखणी आहे. खर्च पाहा. दोन काठांमध्ये साडेतीन मीटर अंतर आणि ३० अंशांचा कोन धरला तर झोळी मीटरभर खाली येते. तिच्याखाली ४० सेंटिमीटर तरी मोकळे हवेत. म्हणजे साडेतीन मीटर लांब, एक मीटर रुंद, १.४ मीटर खोल. जवळजवळ पाच घनमीटर. मुरलेल्या बर्फाची घनता ३०० धरली तर हा दीड टन बर्फ झाला. तीन-साडेतीन हजार मीटर उंचीवर, जिथे बुटाची नाडी बांधतानाही दम लागतो, तिथे दीड टन बर्फ उपसून घामाने भिजलेला माणूस रात्री कुडकुडणारच. शिवाय पट्टा काठावर ४० किलोंनी दाबतो आणि करवतीसारखा आत कापत जातो, म्हणून काठावर स्की किंवा फळी आडवी टाकणं भागच आहे.

ज्याला करायचंच आहे त्याने दोन्हींचा मेळ घालावा. कैची काठापासून ८० सेंटिमीटर उंच, खड्डा ६० सेंटिमीटर खोल. उपसा सहाशे-साडेसहाशे किलोंवर येतो आणि निघालेल्या बर्फाची वाऱ्याच्या बाजूला भिंत होते.

खालून येणारी थंडी

सगळं भक्कम टांगलं आणि आत शिरलात, तरी रात्री दोनच्या सुमारास पाठ गार पडून जाग येते. झोपलेलं शरीर ७०-८० वॅट उष्णता बाहेर टाकत असतं. स्लीपिंग बॅग ती धरून ठेवते ती पिसांमध्ये अडकलेल्या हवेच्या जोरावर. पाठीखालची पिसं वजनाने चपटी होतात, हवा निघून जाते, आणि त्या बाजूने बॅग जवळपास नसल्यात जमा. जमिनीवर झोपलो तर खाली मॅट असते. हॅमॉकमध्ये खाली वारा असतो. म्हणून झोळीच्या बाहेरून, तिच्या तळाला अलगद टेकेल अशी वेगळी रजाई टांगावी लागते, जी अंगाखाली दाबली जात नाही. फोमची मॅट आत टाकूनही चालतं, पण ती सरकते आणि खांदे उघडे पडतात. उणे १० मध्ये माझं मत दोन्ही वापरावं असं आहे.

खड्ड्याने वारा अडतो हे खरं. पण निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे फेकून वरच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होतो, त्याला टेकलेली हवा गार होऊन जड होते आणि सखल जागा शोधते. सखल जागा आपण आयती खणून ठेवलेली आहे. बर्फाची गुहा खणणारे म्हणूनच झोपायचा ओटा दारापेक्षा उंच ठेवतात. आपल्या खड्ड्यावर ताडपत्री घालून कडा बर्फाने दाबल्या तर आकाशाकडे जाणारी उष्णता अडते. दोन्ही टोकांना हवेसाठी भोकं राखायलाच हवीत, आणि रात्री बर्फ उडून ती बुजली तर उठून मोकळी करायला हवीत. अशा झाकलेल्या खड्ड्यात स्टोव्ह पेटवायचा नाही. चहासाठीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता थोडं थांबून पाहा: खड्डा, भिंत, छप्पर, भोकं. हा बर्फाचा निवारा तयार झाला. त्यात बर्फाचा ओटा ठेवून वर दोन मॅट टाकल्या, तर हॅमॉकपेक्षा ऊबदार झोप लागते आणि निसटायला काहीच उरत नाही. म्हणून मी म्हणतो की बहुतेकांनी हेच करावं. हॅमॉकच्या बाजूने एवढंच बोलता येईल की पाठदुखीवाल्याला तो सुखाचा वाटतो आणि वसंतातल्या ओल्या बर्फात खालून भिजवत नाही.

कुठे, आणि कुठे नाही

पश्चिम हिमालयात झाडांची रेषा साधारण ३,३०० ते ३,८०० मीटरच्या पट्ट्यात संपते. शेवटी उरतात ती बर्फाने वाकवलेली भूर्जाची झाडं. उंची न वाढवताही झाडं संपतात. ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेल्या अटल बोगद्यातून ९ किलोमीटर गेलं की सोलंगकडचे देवदार मागे राहतात आणि पर्जन्यछायेतल्या लाहौलचे उघडे उतार समोर येतात. त्या उतारांवर हिमस्खलनं नेहमीची. ३० ते ४५ अंशांचा उतार वर असेल तर त्याच्या पायथ्याशी खड्डा खणणं म्हणजे गाडून घ्यायची सोय. जंगलातून उभा खाली येणारा झाडं नसलेला पट्टा दिसला तर तिथली झाडं कशाने गेली हे आधी विचारावं. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची डीजीआरई ही प्रयोगशाळा, म्हणजे पूर्वीची 'सासे', हिमस्खलनाचे इशारे देते. ते वाचल्याशिवाय निघू नये. उत्तराखंडच्या बुग्यालांवर, म्हणजे झाडांच्या रेषेवरच्या कुरणांवर, तर उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रात्रीच्या मुक्कामालाच बंदी घातली, तेव्हा तिथला बेत कागदावरच संपतो.

हात बसवायचा असेल तर मनालीच्या किंवा उत्तरकाशीच्या पर्वतारोहण संस्थेचा जवळपास चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम सगळ्यात बरा. पुरलेले आधार तिथे बर्फात शिकवतात. त्याआधी बडोद्यातच अर्धी तयारी होते. ओरसंगच्या कोरड्या पात्रात वाळूत गोणी पुरून पाहा. वाळू बर्फासारखी चिकटत नाही, त्यामुळे गोणी नेता येईल तेवढी खोल न्यावी लागते, आणि खोलीचं महत्त्व एका दुपारी कळतं. काटा लावा, दोघांनी ओढा, कितीला सुटते ते लिहून ठेवा. घराजवळ म्हणून विश्वामित्रीचा काठ निवडू नका. तिथल्या मगरींना भौतिकशास्त्राशी देणंघेणं नाही.

डोंगरावर पहिल्यांदा बसताना आधी हाताने दाब द्या, मग टेका, मग पाय उचला, आणि प्रत्येक वेळी गोणीवरच्या बर्फाला तडा जातोय का हे दुसऱ्याने पाहावं. खाली बर्फ असल्याने पडण्याची भीती कमी. डोक्यावर येणाऱ्या कैचीची जास्त. रात्री गाठी गोठतात, म्हणून शक्य तिथे कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी, वापरा. सकाळी गोणी ओढून निघणार नाही. जो बर्फ रात्रभर धरून बसावा म्हणून तुडवला, तो सकाळीही धरूनच बसलेला असतो, तेव्हा फावड्याने तीच बाजू खणा आणि गोणी परत आणा. निघताना खड्डा बुजवा. ताज्या बर्फाच्या पापुद्र्याखाली तो दिसत नाही, आणि मागून स्कीवर कोण येणार आहे ते आपल्याला माहीत नसतं.